१७ सप्टेंबरनंतरचे दिवस

बीड जिल्ह्यातल्या मुस्लिम घरांत जुन्या माणसांचं वय सनावरून नव्हे, ‘पोलीस अ‍ॅक्शन’वरून सांगितलं जायचं. अमका पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचा, तमका नंतरचा. माझी दादीही असंच बोलायची. मात्र त्या दिवसांत काय घडलं असं विचारलं, की ती पानदान उघडायची आणि विषय तिथंच संपायचा.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. पाचव्या दिवशी निजामानं शरणागती पत्करली. त्याआधी रझाकारांनी मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत केलेले खून, लुटालूट, जाळपोळ खरी आहे. ती झाकून मला पुढचं काही सांगायचं नाही. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करायचा. पण सूड उगवला गेला तो बहुतेक अशांवर, ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता.

भारत सरकारनं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीला पाठवलं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ते गावोगाव फिरले. संस्थानभरात कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड सर्वाधिक होरपळले. बीड त्यांच्या खालोखालच्या जिल्ह्यांत. प्रेतांनी भरलेल्या विहिरी, पळवलेल्या बायका, बळकावलेली घरं-जमिनी, सगळं त्यात आहे. मुस्लिम विणकरांना वाचवायला हिंदू विणकर आडवे आले, हेही आहे. हा अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आला नाही.

अमेरिकेत तल्सा शहरातली ग्रीनवूड ही काळ्यांची भरभराटीची वस्ती गोऱ्या जमावानं १९२१ साली जाळली. तिथंही पाऊणशे वर्षं चिडीचूप. १९९७ साली चौकशी आयोग आला, २०२०मध्ये सामूहिक कबरींसाठी खोदकाम सुरू झालं. आमच्याकडे उलटं झालं. अहवाल लगेच आला आणि तोच गाडला गेला.

ज्यांना जमलं ते हैदराबाद शहरात, कुणी थेट कराचीत गेले. मागे राहिलेल्यांची भाषाही बुडाली. दरबारी उर्दूत शिकलेला कारकून रातोरात अडाणी ठरला. उस्मानिया विद्यापीठातलंही उर्दू माध्यम गेलं. गंमत अशी, की २०२३ला कुणबी नोंदींसाठी निजामकाळातले दस्त बाहेर निघाले, तेव्हा मोडीबरोबर उर्दू वाचणाऱ्यांचीही गरज पडली!

दरवर्षी मुक्तिसंग्राम दिनाला आम्ही झेंडावंदन करतो, आणि करायलाच हवं. गेल्या वर्षी त्यानंतर मी नववीच्या पोरांना घरातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहून आणायला सांगितल्या. हिंदू मुलांनी रझाकारांचे किस्से पानंच्या पानं आणले. मुस्लिम मुलांच्या वह्या बहुतेक कोऱ्या. एकीनं मात्र चार ओळी आणल्या: परदादीला शेजारच्या पाटलीणबाईंनी तीन दिवस कडब्याच्या गंजीत लपवलं होतं, चौथ्या दिवशी बाहेर आली तेव्हा घरात फक्त चूल उरली होती.