स्कूबा सिलिंडर : ओल आणि गंज

पाणबुड्यांच्या सिलिंडरात उच्च दाबाने हवा भरताना आत गेलेले बाष्प किंवा पाणी आणि त्यामुळे धातूला लागणारा गंज. महाराष्ट्रात हा विषय निघतो तो तारकर्ली-मालवणच्या खाऱ्या, दमट हवेमुळे. नांदेड-लातूरकडे हवा कोरडी, तेव्हा काळजी नको, असे वाटणे साहजिक आहे. हिशेब मात्र तसे सांगत नाही.

12 लिटरच्या सिलिंडरात 200 बार दाबाला सुमारे 2,400 लिटर हवा मावते. लातुरातली मे महिन्यातली दुपार, म्हणजे 40 अंश सेल्सिअस तापमान आणि 20 टक्के आर्द्रता धरली, तरी एवढ्या हवेत सुमारे 25 ग्रॅम पाणी असते. पावसाळ्यात ते दुपटीच्या घरात जाते. दाबलेल्या हवेत त्यातले ग्रॅमभरही बाष्परूपाने टिकत नाही. बाकीचे पाणी कॉम्प्रेसरमध्येच साचते. तेलाच्या अंशाने दुधाळ झालेले हे पाणी भरणी चालू असताना दर 10-15 मिनिटांनी सोडून द्यावे लागते. उरलेली ओल गाळणीतील मॉलिक्युलर सीव्ह शोषून घेते. ईएन 12021 या युरोपीय मानकानुसार कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या हवेत दर घनमीटरला 25 मिलिग्रॅमपर्यंतच पाणी चालते, म्हणजे अख्ख्या सिलिंडरात जेमतेम 60 मिलिग्रॅम. उन्हाळ्यात गाळणीपर्यंत येणारी हवा तापलेली असते, तिच्यात बाष्प अधिक उरते आणि सीव्ह लवकर निकामी होते. कोरड्या हवेचा बराचसा फायदा इथेच जातो.

सिलिंडरात सापडणारे पाणी पुष्कळदा हवेतून आलेलेच नसते. भरताना तापू नये म्हणून सिलिंडर पाण्याच्या हौदात ठेवतात. झडपेच्या तोंडातले थेंब न काढता नळी जोडली, की ते थेट आत फेकले जातात. गोदावरीत किंवा मांजरा धरणात सिलिंडर पार रिकामा होईतो वापरला, तर गढूळ पाणीही उलटे शिरू शकते. ते समुद्राच्या पाण्याइतके मारक नसते, एवढाच दिलासा.

ॲल्युमिनिअमवर पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे दिसतात, पोलादावर तांबूस गंज. पोलादाचा धोका अधिक फसवा. ओला सिलिंडर महिनोन्‌महिने पडून राहिला, तर गंज आतल्या हवेतला ऑक्सिजन खातो. वास येत नाही, आणि सगळा ऑक्सिजन संपला तरी दाब फार तर पाचव्या हिश्श्याने उतरतो. अग्निशमन दलाच्या श्वसनसंचातील पोलादी सिलिंडरांनाही हेच लागू.

झडपेच्या बुडाशी आत उतरलेली आखूड नळी असते. पाणबुड्या उलटा झाला तरी पाणी व गंजाचे कण श्वासाची हवा पुरवणाऱ्या रेग्युलेटरकडे जाऊ नयेत, यासाठी ती असते. दरवर्षी झडप काढून, आत दिवा सोडून पाहणी करण्याचा प्रघात आहे. भारतात अशा सिलिंडरांना गॅस सिलिंडर नियम, 2016 लागू होतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’चे (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना) मुख्यालय नागपुरात आहे.