गावचा वारीक आणि पेठेतलं सलून

मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी जुना सलूनवाला गेला की त्याच्या श्रद्धांजलीत ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’, ‘कुटुंबवत्सल’ हे शब्द हमखास येतात. ते खोटे नसतात. ज्या हातानं तीन पिढ्यांची जावळं काढली, नवरदेव सजवले आणि दहाव्याला घाटावर मुंडण केलं, त्या हाताबद्दल गावाला माया वाटणारच. पण ही माया जुन्या गावगाड्याची देणगी होती, बलुतेदारीत माणसं एकमेकांना धरून होती आणि पैशाच्या व्यवहारानं ते सगळं मोडलं, असं जे पुढे ओघानं म्हटलं जातं, ते तपासून घ्यायला हवं. नांदेड-लातूर भागातला या धंद्याचा इतिहास वेगळंच सांगतो. ज्याच्या आठवणीनं गाव हळहळतं, तो न्हावी बव्हंशी पेठेतल्या सलूनमध्ये घडला. गावगाड्यानं त्याला राबवलं. मान त्यानं स्वतःच्या दुकानात कमावला.

बलुतेदारीतला न्हावी, म्हणजे आपल्याकडचा वारीक, काय काय करायचा ते आधी पाहू. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यात अशा कामांचा बारकाईनं हिशोब आहे. हजामत हा त्यातला एक भाग झाला. पाहुण्यांचे पाय चेपणं, लग्नाचा सांगावा पोचवणं, वरातीत मशाल धरणं ही कामंही त्याच्याच गळ्यात असत. बगलेत धोकटी, तिच्यात वस्तरा, कात्री, चिमटा, नराणी, पाण्याची वाटी आणि हातात मावेल एवढा आरसा. तो घरोघर जायचा. मालक ओट्यावर मांडी घालून बसायचा, आरसा स्वतःच्या हातात धरायचा आणि न्हावी त्याच्यापुढे उकिडवा बसून काम करायचा. मोबदला सुगीला, खळ्यावर. किती पेंढ्या टाकायच्या याचा रिवाज होता, पण माप देणाऱ्याच्या हातात होतं. ज्याच्या खळ्यावर वर्षाचं पोट अवलंबून, त्याला कुठल्याही कामाला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती.

या माणसांची नोंद इतिहासानं ठेवली नाही असं नाही, पण कशासाठी ठेवली ते पाहण्यासारखं आहे. संत सेना न्हावी बिदरच्या दरबारी चाकरीला होते, असं महाराष्ट्रातली एक परंपरा मानते. उत्तरेकडची परंपरा त्यांना बांधवगडचं म्हणते. सेना पूजेत गुंतले असताना विठ्ठलानंच त्यांचं रूप घेऊन राजाची हजामत केली, ही कथा मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या नावावरचं एक पद गुरू ग्रंथसाहिबातही आहे. त्याच बिदरचे, न्हाव्याच्या घरात जन्मलेले भाई साहिबसिंग १६९९ साली आनंदपूरला पंजप्याऱ्यांपैकी एक झाले. १७०८ साली गुरू गोविंदसिंग यांनी नांदेडला देह ठेवला, त्यामुळे सचखंड श्री हुजूर साहिबच्या या नगरीत पंजप्याऱ्यांचं स्मरण नित्याचं आहे. याच समाजातले प्रतापगडावरचे जिवा महाला आणि पन्हाळ्याचे शिवा काशीद यांचाही सगळ्यांना अभिमान आहे. पण भक्ती, बलिदान, तलवार यांनी ही नावं टिकवली. रोज सकाळी वस्तरा परजून गावाची दाढी करणाऱ्याचं नाव कुठल्याच बखरीत नाही. सेनांनी तरी आपल्या अभंगांत आरसा-चिमट्याला परमार्थाचं साधन केलं आणि कामाचा मान राखला. गावाला तेवढंही सुचलं नाही.

सलून आलं ते रोख पैशाच्या वाटेनं. निजामी राजवटीत मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्ग नांदेडवरून गेला, तिथं उस्मानशाही मिल उभी राहिली. लातूरला बार्शी लाइट रेल्वे आली आणि अडत बाजार वाढला. मिलमधला कामगार, स्टेशनवरचा हमाल, कचेरीतला कारकून यांच्याकडे खळं नव्हतं. हातात पगार किंवा मजुरी होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं आणि पुढच्या दशकांत शाळा, तहसील, बँका यांच्याबरोबर असं गिऱ्हाईक वाढत गेलं. १९७२च्या दुष्काळात बलुत्याचा पायाच उघडा पडला: खळ्यावर रासच नाही तर पेंढी कुठली? पुढे लातूर पट्ट्यात सोयाबीन पसरलं आणि उरलंसुरलंही संपलं. ज्वारीची पेंढी देता येते, घेणारा तिची भाकरी करून खातो. सोयाबीन मात्र शेतातून थेट आडतीवर जातं. पीक बदललं तसा मोबदलाही बदलला. गावं एकाएकी निष्ठुर झाली म्हणून बलुतं गेलं नाही, शेतीच बदलली म्हणून गेलं.

सलूनमध्ये पहिला फरक पडला तो शरीराच्या ठेवणीत. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं आणि न्हावी उभा राहिला, ताठ. आरसा भिंतीवर गेला, शेजारी दरपत्रक लागलं. पाटलाचा मुलगा आला तरी बाकावर बसून नंबराची वाट पाहू लागला. घरोघर फिरणारा माणूस आता एका जागी होता आणि गाव त्याच्याकडे येत होतं. बाकावर पेपर वाचला जाई, सोयरिकीचा विषय निघे, आडतीवरचे भाव कळत. त्याचा मनमिळाऊपणा आपल्याला आठवतो तो इथला. तो मर्जीनं बोलत होता, कारण गप्प बसायचीही त्याला मुभा होती. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन न करण्याचा निर्धार केला. तो मुंबईत झाला हा योगायोग नव्हे. खळ्यावर पोट असलेल्याला असा निर्धार केवढ्याला पडला असता!

यावर एक आक्षेप रास्त आहे. ही माया सगळ्यांच्या वाट्याला कुठे आली? दलितांच्या डोक्याला न्हाव्याचा हात लागत नव्हता. लहानपणी साताऱ्यात न्हावी असूनही आपले केस बहिणीला कापावे लागत, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. हा अन्याय बलुतेदारांवर ढकलून गाव मोकळं होऊ शकत नाही, आणि ‘मालकांची भीती होती’ एवढ्यावर न्हावीही सुटत नाही. जातीची उतरंड त्यानंही मानली होती. पण ती मोडायला कायद्यानं जागा कोणती धरली? १९५५च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात ‘दुकान’ या व्याख्येत केशकर्तनालयाचा स्पष्ट उल्लेख आहे. दार उघडं ठेवलेल्या दुकानाला गिऱ्हाईक नाकारता येत नाही, हे बजावता येतं. ओट्यावरच्या खाजगी रिवाजाला तसं बांधणं फार कठीण. कायद्यानं सगळी दारं उघडली नाहीत, भेदाच्या तक्रारी नंतरही होत राहिल्या. तरीही हक्कानं खुर्चीत बसता येईल अशी पहिली जागा सलूनच होती.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा: बलुत्यात मान नसेल, पण भाकरी तर होती! त्या भाकरीची किंमत किल्लारीनं दाखवली. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादची गावं नव्यानं वसवताना घराचा आकार जमिनीवरून ठरला. मोठ्या शेतकऱ्याला ७५० चौरस फूट, मधल्याला ४५०, भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५०. पिढ्यान् पिढ्या गावाची सेवा केलेल्या, पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या घरांच्या वाट्याला लहानच घर आलं. सेवेची नोंद कुठल्याही दप्तरात नव्हती. अर्थात सलूनही सुखाचं नाही. २०२० साली टाळेबंदीत मार्चपासून सलूनं बंद झाली ती २८ जूनला उघडली, तीही ठरावीक सेवांपुरती. दाढीला परवानगी नव्हती. त्या महिन्यांत गाळ्याचं भाडं आणि घरखर्च कसा भागवायचा, याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. पण म्हणून पेंढीकडे परत जायचं नाही. हातावर पोट असलेल्या कारागिराला विमा, निवृत्तिवेतन आणि भाड्याच्या गाळ्याची हमी द्यायची, हा त्यातला धडा आहे.

म्हणूनच अशा माणसाचं स्मरण करताना स्वभावाच्या कौतुकाबरोबर त्याच्या हिशोबाचीही नोंद व्हावी. गाळा कधी घेतला, भाडं काय होतं, पहिली कटिंग किती पैशांत केली, त्या गल्ल्यातून घर कसं चालवलं, मुलांच्या फिया कशा भरल्या, लेकींची लग्नं कशी केली. कुटुंबवत्सल या शब्दाचा खरा अर्थ या आकड्यांत आहे. तासन् तास उभं राहून त्यानं घर वर आणलं. कंधार, देगलूर, उदगीर, औसा, अहमदपूर इथल्या जुन्या सलूनवाल्यांच्या घरी भाडेपावत्या, जुनी दरपत्रकं, दुकानाच्या उद्घाटनाचे फोटो असतील तर ते रद्दीत जाण्याआधी जपले पाहिजेत. राजांचा इतिहास फर्मानांवरून लिहिता येतो. गावांचा लिहायचा असेल, तर या पावत्या लागतील.