प्लग, सॉकेट व वीजदोरी (पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा)

प्लग, सॉकेट व वीजदोरी : घरगुती उपकरण भिंतीतील वीजपुरवठ्याला जोडणारी व हवी तेव्हा काढता येणारी जोडणी. तिचे तीन भाग : बोर्डावरील सॉकेट, दोरीच्या टोकाचा प्लग (बाजारात ‘पिन टॉप’ किंवा नुसता ‘टॉप’) आणि उपकरणाच्या बाजूचे टोक. प्लग सॉकेटमध्ये बसला एवढ्यावरून जोडणी योग्य ठरत नाही; विद्युत् दाब, प्रवाहक्षमता व भूसंपर्कन (अर्थिंग) ही तिन्ही जुळावी लागतात.

पुरवठा : या पट्ट्यात वीजवितरण महावितरण कंपनी करते. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या (स्थापना १९६०) २००५ मधील विभाजनातून ती निर्माण झाली. घरगुती पुरवठा एककला (सिंगल फेज), २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ. कारखाने, वर्कशॉप व मोठ्या गृहसंकुलांना त्रिकला. त्रिकला पुरवठ्यातील न्यूट्रल तुटल्यास काही घरांतील दाब २३० व्होल्टच्या बराच वर जातो व एकाच वेळी अनेक उपकरणे जळतात. प्लग-सॉकेटची निवड कितीही अचूक असली, तरी यापासून संरक्षण मिळत नाही.

मानके : भारतीय मानक आयएस १२९३ (सुधारित आवृत्ती २००५ व २०१९) प्लग व सॉकेटला लागू आहे. त्यातील गोल पिनांची रचना ‘बीएस ५४६’ या जुन्या ब्रिटिश मानकावरून आलेली आहे. खुद्द ब्रिटनने १९४७ मध्ये ‘बीएस १३६३’ हे चौकोनी पिनांचे मानक काढले. भारताने गोल पिना कायम ठेवल्या. ब्रिटिश चौकोनी प्लगमध्ये फ्यूज असतो, भारतीय प्लगमध्ये सहसा नसतो. त्यामुळे १६ अँपिअरच्या एमसीबीमागे (अतिभाराला पुरवठा तोडणारा स्विच) ०.७५ चौ. मिमी.ची बारीक दोरी असेल, तर अतिभाराच्या वेळी एमसीबी पडण्यापूर्वी दोरी तापू शकते.

प्रचलित आकार दोन आहेत. ६ अँपिअरच्या प्लगच्या फेज व न्यूट्रल पिना सुमारे ५ मिमी., तर अर्थची पिन सुमारे ७ मिमी. जाडीची असते. १६ अँपिअरच्या प्लगमध्ये हीच मापे अनुक्रमे सुमारे ७ व ८.७ मिमी. आहेत. बाजारात अजूनही ‘पाचचा’ व ‘पंधराचा’ असेच म्हणतात. ती जुन्या क्षमतांची नावे होत. समोरून पाहता सॉकेटमध्ये अर्थ वर, फेज उजवीकडे व न्यूट्रल डावीकडे असतो. अर्थची पिन लांब असते. त्यामुळे ती सर्वांत आधी जुळते व सर्वांत शेवटी सुटते.

२३० व्होल्टला ६ अँपिअरच्या सॉकेटची कमाल मर्यादा १,३८० वॉट, तर १६ अँपिअरची ३,६८० वॉट. १,००० वॉटची इस्त्री सुमारे ४.३ अँपिअर घेते, ती ‘पाच’वर चालते. २,००० वॉटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो. त्याला ‘पंधरा’चा पॉइंट आवश्यक. मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये बसवणारा कन्व्हर्जन प्लग सहज मिळतो, पण तो सॉकेटची क्षमता वाढवत नाही. भिंतीतील तार सामान्यतः ६ अँपिअरसाठी १.५, १६ अँपिअरसाठी २.५ व वातानुकूलन यंत्रासाठी ४ चौ. मिमी. घेतात.

तारांचे रंग : भिंतीतील तारांत फेजला लाल, पिवळा व निळा, न्यूट्रलला काळा व अर्थला हिरवा हा जुना प्रघात आहे. उपकरणाच्या दोरीत मात्र तपकिरी फेज, निळा न्यूट्रल व हिरवा-पिवळा अर्थ असतो. म्हणजे दोरीतील निळा न्यूट्रल आणि त्रिकला बोर्डातील निळा फेज. भोसरीसारख्या भागात वर्कशॉप व घर दोन्हींची वायरिंगची कामे करणाऱ्या तारतंत्र्यांना टेस्टर लावल्याशिवाय रंगावर विसंबता येत नाही.

उपकरणाकडील टोके : आयईसी ६०३२० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार यांना क्रमांक आहेत. संगणक व मॉनिटरचे टोक सी १३ (१० अँपिअर), लॅपटॉप चार्जरचे तीन पाकळ्यांचे सी ५ (२.५ अँपिअर), रेडिओ व सेट-टॉप बॉक्सचे इंग्रजी आठच्या आकाराचे सी ७ (२.५ अँपिअर, अर्थविरहित). तापणाऱ्या किटलीसाठी खाचेचे सी १५ असते. ते सी १३ च्या जागी चालते, उलट चालत नाही. दोरीची क्षमता तिच्या सर्वांत दुबळ्या भागाएवढीच : सी १३ च्या दुसऱ्या टोकाला ६ अँपिअरचा टॉप असेल, तर संपूर्ण दोरी ६ अँपिअरची धरावी.

केबल उद्योग : प्रल्हाद छाब्रिया व त्यांच्या बंधूंनी १९५८ मध्ये पुण्यात सुरू केलेली फिनोलेक्स ही या पट्ट्यातील प्रमुख केबल कंपनी. प्रारंभी ती वाहन उद्योगासाठी पीव्हीसी आवरणाच्या केबल तयार करी. पुढे घरगुती वायर, दूरसंचार केबल, स्विच व सॉकेट यांचीही भर पडली. तिचे नोंदणीकृत कार्यालय पिंपरी येथे मुंबई-पुणे रस्त्यावर असून पिंपरी व उर्से (ता. मावळ) येथे, तसेच गोवा व रूरकी येथे कारखाने आहेत. ४५०/७५० व्होल्टपर्यंतच्या पीव्हीसी केबलसाठी आयएस ६९४ हे मानक आहे. वाहनाच्या वायरिंगपासून सुरुवात होऊन घरगुती वायरपर्यंत झालेला कंपनीचा हा विस्तार या पट्ट्याच्या औद्योगिक स्वरूपाशी सुसंगत आहे.

परदेशी उपकरणे : फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे चाकण येथील कारखाने २००९ मध्ये सुरू झाले. जर्मन, कोरियन व जपानी तंत्रज्ञ आणि परदेशाहून परतलेले स्थानिक अभियंते यांच्या सामानातून निरनिराळे प्लग घरांत येतात.

जर्मन ‘शुको’ प्लगच्या ४.८ मिमी.च्या पिना आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये बऱ्याचदा शिरतात व दाबही जुळतो. परंतु शुकोचा अर्थ प्लगच्या कडेच्या पट्ट्यांवर असतो, आपल्याकडे तो वरच्या छिद्रात. म्हणून उपकरण चालते, पण अर्थिंगशिवाय. कॉफीयंत्रासारख्या धातूच्या उपकरणाचा प्लग बदलून तीन पिनांचा, वॉटनुसार ६ किंवा १६ अँपिअरचा बसवावा. कोरियाचा पुरवठा २२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. तेथील भातकुकर येथे चालतो, मात्र केवळ ६० हर्ट्‌झच्या मोटारी संथ चालून तापतात. जपान (१०० व्होल्ट) व अमेरिका (१२० व्होल्ट) येथील उपकरणांना ट्रान्सफॉर्मर लागतो. प्रवासी अडॅप्टर केवळ पिनांचा आकार बदलतो. ‘१००–२४०’ असा छाप असलेल्या चार्जरला ट्रान्सफॉर्मर लागत नाही.

सर्व देशांचे प्लग घेणाऱ्या ‘युनिव्हर्सल’ सॉकेटविषयी मतभेद आहेत. तात्पुरत्या वापरासाठी ते सोयीचे मानले जाते. जड भारासाठी त्यातील ढिल्या स्पर्शामुळे ते टाळावे, असे तारतंत्री सांगतात.

घरांतील जोडण्या : नव्या गृहसंकुलांत ६ व १६ अँपिअरचे दोन्ही टॉप घेणारे सहा छिद्रांचे सॉकेट सर्रास आढळतात. त्यामागील तार १६ अँपिअरची आहे का, हे बाहेरून कळत नाही. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी येथील कामगारांच्या खोल्यांत एखाद-दुसऱ्या बोर्डावर एक्स्टेंशन लावून शेगडी, पंखा व मोबाइल चालवले जातात. तेथे टोकांपेक्षा एकूण भाराचा प्रश्न मोठा आहे. भूगळती झाल्यास पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हा पूरक उपाय. अर्थिंगला पर्याय नव्हे.

विद्युत् वाहने : चेतक ही विजेवरील स्कूटर २०२० मध्ये बाजारात आली व तिचा आकुर्डी येथील कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला. अशा वाहनांमुळे घरगुती सॉकेटवर तासन्‌तास चार्जिंग ही नवी गरज आहे; सॉकेट गरम लागल्यास ते बदलणे इष्ट.

बाजारपेठ : या सामानासाठी पुण्यातील तपकीर गल्ली (बुधवार पेठ) व पिंपरी कॅम्प.

प्रशिक्षण : औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत तारतंत्री व वीजतंत्री हे व्यवसाय शिकवले जातात, पिंपरी-चिंचवड महापालिकेची संस्था मोरवाडी येथे आहे.

पहा : अर्थिंग, एमसीबी, केबल उद्योग, महावितरण.