वरकस म्हणजे पड नव्हे

ठाणें जिल्ह्याच्या जुन्या महसुली कागदांत भातजमिनीच्या जोडीला ‘वरकस’ हा शब्द वारंवार येतो. वाचक त्याचा अर्थ बहुधा ‘पड’ असा करून पुढें जातात, आणि संग्राहकही वरकसाचीं सुटीं पानें निरुपयोगी म्हणून बाजूस टाकतात. हा अर्थ आम्हांस मान्य नाहीं. अमरकोशानें ‘खिल’ व ‘अप्रहत’ हे शब्द समानार्थी दिले आहेत. नांगर न लागलेली भूमि ती खिल. वरकस खिल नव्हे. सातबाऱ्याच्या नमुन्यांतही तिची गणना लागवडीयोग्य क्षेत्रांत होते. पोटखराबा निराळा लिहितात.

वरकस म्हणजे खाचरांच्या वरची चढाची, हलकी जमीन. तींत एक-दोन वर्षें नाचणी-वरी घ्यावी व पुढें कांहीं वर्षें ती गवतझुडपांना सोडावी, असा क्रम असे. करवंदांच्या जाळ्या, कुडा, मधून ऐनाचीं झाडें, असें तिचें रूप. परंतु तिचें खरें मोल राबांत होतें. ऐनाचे टहाळे, पाला, गवत, शेण व माती यांचे थर रोपाच्या जागेवर रचून पावसाळ्यापूर्वीं जाळीत, आणि त्या राखेंत भाताचें रोप जोम धरी. वरकस तुटली कीं खाचराचें बळ उणें झालेंच. १८७८ च्या जंगल-कायद्यानंतर टहाळ्यांवर निर्बंध आले, तेव्हां ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतून एवढी ओरड झाली कीं मुंबई सरकारास १८८५ त चौकशीमंडळ नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ त निघाला. निरुपयोगी रानासाठीं कुणबी असा भांडत नाहीं!

इंग्लंडांतील गोर्स नामक काटेरी झुडपांच्या माळांचीही कथा अशीच आहे. गांवकरी तें झुडूप जळणास नेत, कुटून घोड्यांस चारीत. तरी कागदोपत्रीं तो माळ ओसाडच ठरला, आणि १८०० नंतर सखल भागांतील असे माळ चार-पंचमांशांहून अधिक नाहींसे झाले.

कल्याणनजीक उल्हास नदीकांठच्या शहाडच्या आसमंतांत हा फेरफार फार जलद झाला. १८५४ त आगगाडी कल्याणास व १८५५ त वासिंदपर्यंत गेली, आणि या भागांतील गवतास मुंबईचें गिऱ्हाईक जवळ आलें. दुसऱ्या महायुद्धांत लष्करी छावणी वसली. १९४७ नंतर सिंधी निर्वासित तिच्या बराकींत आले, व १९४९ त त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. पुढील दशकांत शहाडास रेयॉनचा कारखाना उभा राहिला. आमचा तर्क असा कीं, अशा प्रत्येक वेळीं खाचरापेक्षां चढाची, ‘मोकळी’ दिसणारी जमीनच आधीं घेतली जाते. पण याचा निर्णय तर्कानें नव्हे, गांववार झाडे व मोजणीचे कागद जुळवूनच व्हावयाचा.

शहाड, मोहने, आटाळी, वडवली येथील घराण्यांच्या दप्तरांत असे कागद हातीं आल्यास, वरकसाचीं पानें भातजमिनीच्या पानांपासून वेगळीं करूं नयेत, एवढी विनंती आहे.