कैसराच्या नाण्यावर ख्रिस्तचिन्ह

कैसराला कर द्यावा की न द्यावा, या पेचप्रश्नावर प्रभू येशूने एक नाणे मागवून घेतले आणि त्यावरील प्रतिमा कोणाची, असा प्रतिप्रश्न केला. प्रतिमा अर्थातच कैसराची होती. सुमारे तीन शतकांनी त्याच कैसराच्या नाण्यावर खुद्द ख्रिस्ताचे चिन्ह उमटले. या घटनेला श्रद्धेचा विजय म्हणावे की सत्तेची सोय?

इ. स. ३१२ मध्ये मिल्व्हियन पुलाजवळ कॉन्स्टंटाईनने मॅक्सेंशियसचा पराभव केला. ३१३ साली ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली. नाणी मात्र सावकाश बदलली. ३१५ च्या सुमारास तिकिनुम, म्हणजे आजचे इटलीतील पाविया, येथे पाडलेल्या चांदीच्या पदकावर सम्राटाच्या शिरस्त्राणात ‘खी’ आणि ‘ऱ्हो’ या अक्षरांची गुंफण दिसते. ग्रीक भाषेत ‘ख्रिस्त’ या नामाची ही पहिली दोन अक्षरे होत. परंतु चिन्ह अगदी लहान आहे; ढालीवर रोमची लांडगीण आणि तिची जुळी बाळेच विराजमान आहेत. सोन्याच्या नाण्यांवर तर अजिंक्य सूर्यदेव आणखी दहा वर्षे तळपत राहिला. ३२७ च्या सुमारास कॉन्स्टंटिनोपलच्या टांकसाळीने सर्पाला भेदणारा ख्रिस्तचिन्हांकित ध्वज नाण्यावर आणला. तो सर्प म्हणजे पराभूत प्रतिस्पर्धी लिसिनियस, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात.

नाण्याची संपूर्ण मागील बाजू या चिन्हाने व्यापली ती मॅग्नेंशियसच्या काळात. ३५० साली बंड करून त्याने कॉन्स्टंटाईनच्या पुत्राचे, कॉन्स्टन्सचे, राज्य बळकावले. त्यात कॉन्स्टन्सचा वध झाला. पुढे पराभव समोर दिसू लागला, तेव्हा त्याच्या टांकसाळींनी आल्फा व ओमेगा यांसह ख्रिस्तचिन्ह ठळकपणे छापले. ३५३ साली त्याने आत्महत्या केली. चिन्ह सर्वांत मोठे झाले ते असे, एका बंडखोराच्या हातून.

६९२ च्या सुमारास दुसऱ्या जस्टिनियनने नाण्याच्या दर्शनी बाजूवर ख्रिस्ताचा मुखवटा आणला, स्वतः मागील बाजूस गेला आणि ‘ख्रिस्ताचा सेवक’ म्हणवून घेतले. या सेवकाची राजवट इतकी जाचक होती की ६९५ मध्ये लोकांनी त्याला पदच्युत करून त्याचे नाक कापले.

या साऱ्याच्या कितीतरी आधी तेर्तुलियनने त्या शुभवर्तमानातील प्रसंगाचा अर्थ सांगून ठेवला होता: नाण्यावर कैसराची प्रतिमा असते, म्हणून नाणे कैसराचे; देवाची प्रतिमा माणसात असते, म्हणून माणूस देवाचा. कैसराच्या टांकसाळीने पुढे कोणतेही चिन्ह कोरले, तरी ही वाटणी बदलली नाही.