गाण्यातले नाव आणि नावामागचा माणूस

१९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ हा चित्रपट झळकला आणि अँथनी गोन्सालविस हे नाव घरोघरी पोहोचले. ईस्टरच्या मेजवानीत भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडणाऱ्या नायकाला पाहून प्रेक्षक पोट धरून हसले. परंतु या नावाचा एक खराखुरा माणूस होता आणि संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूला वाहिलेली ती दक्षिणा होती, हे किती जणांना ठाऊक असेल?

अँथनी गोन्सालविस यांचा जन्म १९२७ साली गोव्यातील माजोर्डा गावी झाला. वडील तेथील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना प्रार्थनेबरोबरच स्वरलिपीचे वाचन आणि व्हायोलिन शिकवले जाई. ही विद्या मिस्सेच्या सेवेसाठी होती. पुढे तिनेच कित्येक गोमंतकीय कुटुंबांना भाकरी दिली.

१९४३ साली अँथनी मुंबईत आले आणि नौशाद यांच्या वादकांत दाखल झाले. त्या काळी नौशाद परळच्या कारदार स्टुडिओसाठी काम करीत. धोबीतलाव-गिरगाव परिसरात गोव्यातील गावागावांच्या ‘कुडी’ होत्या. पोटासाठी आलेले अनेक गोमंतकीय तेथे एका छपराखाली राहत, रोज सायंकाळी रोझरी म्हणत.

लवकरच अँथनी वादकाचे संगीत-संयोजक झाले. संगीत-दिग्दर्शकाने पेटीवर चाल ऐकवावी आणि संयोजकाने व्हायोलिन, चेलो, बासरी, ट्रम्पेट यांचे निरनिराळे स्वरभाग कागदावर उतरवावेत, अशी ही कामाची रीत होती. आपले रागसंगीत एका स्वररेषेने चालते. तिच्याखाली सुसंवादी स्वरांचा गालिचा अंथरण्याचे काम या मंडळींनी केले. ‘महल’, ‘नया दौर’ अशा चित्रपटांच्या संगीताला अँथनींचा हात लागला. मात्र पडद्यावरील श्रेयनामावलीत संयोजकाचे नाव क्वचितच येई.

इटलीचे निनो रोटा (१९११–१९७९) आठवतात. ‘गॉडफादर’ला संगीत देणारे रोटा बारी येथील संगीत विद्यालयाचे संचालक होते, सिंफनी आणि ऑपेरा त्यांनी स्वतःच्या नावाने रचले. चित्रपट आणि संगीतसभा ही दोन्ही दारे त्यांना उघडी होती.

अँथनींनीही दुसरे दार ठोठावले. ‘सोनाटिना इंडियाना’ आणि सारंग रागातील कॉन्चेर्टो या त्यांच्या रचना. १९५८ साली त्यांनी स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात पाश्चात्त्य वाद्यमेळातून भारतीय राग उमटले. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. तो प्रयोग रुजता तर आपल्या संगीताला एक नवी वाट मिळाली असती. पण असा वाद्यवृंद पोसायला कायमचा आश्रय लागतो, आणि तो त्यांना लाभला नाही.

१९६० च्या दशकाच्या मध्यास ते अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेले. परतल्यावर चित्रसृष्टीपासून दूर राहून माजोर्डा येथेच स्थिरावले. जानेवारी २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

लग्नसमारंभात ते गाणे आजही वाजते. त्या वेळी मुलांना एवढे अवश्य सांगावे, की चर्चच्या गायनवृंदात स्वर वाचायला शिकलेल्या एका मुलाचे ते नाव आहे. आणि गाण्यापेक्षा त्याचे स्वप्न मोठे होते.