कर्जाचं कारण

माझ्या ताईचं लग्न मे २०१९मध्ये झालं. त्याआधीचे तीन महिने बाबा पैसे शोधत फिरत होते.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. पाच एकर कोरडवाहू शेती, त्यात कापूस आणि तूर. सोसायटीचं पीककर्ज आधीच थकलेलं होतं. जुनं भरल्याशिवाय नवं मिळत नाही, आणि नवं मिळाल्याशिवाय जुनं भरता येत नाही. त्यामुळे तो रस्ता बंद होता. मग बाबा एका बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी अर्ज पाहिला. त्यात 'कर्जाचं कारण' असा एक रकाना होता. बाबांनी त्यात खरं ते लिहिलं होतं : मुलीचं लग्न.

साहेब म्हणाले, "काका, हे खोडा. दोन म्हशी लिहा, मग बघू."

बाबा घरी आले आणि अर्ज शोकेसमध्ये ठेवून दिला. आई म्हणाली, लिहून टाका ना म्हशी. बाबा म्हणाले, "मंग तपासणीले आले तं कोन्ता गोठा दाखवू त्यायले?"

मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागून चारच महिने झाले होते. शैक्षणिक कर्जाचा हप्ता नुकताच सुरू झाला होता. मी एका ॲपवर पर्सनल लोनसाठी अर्ज केला. सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा नाहीत, म्हणून तो लगेच नामंजूर झाला. मग मी तेच केलं, जे शिकलेला मुलगा अशा वेळी करतो. बापाला फोनवर अक्कल शिकवली. म्हटलं, तीनशे माणसं कशाला बोलवायची? कोर्टात लग्न करा, पन्नास लोकांना जेवण द्या. सेवाग्राम आपल्यापासून तासाभरावर आहे आणि आपण कर्ज काढून मांडव घालतो. शेतकरी कर्जात बुडतो तो यामुळेच.

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या तीनशे मानसाच्या घरी मी जेवलो आहो, बापा."

शेवटी पैसे मिळाले ते बाजारातल्या एका अडत्याकडून. दोन लाख, शेकडा तीन रुपये महिना. कापूस त्यालाच घालायचा, ही वर अट. हिशेब सोपा आहे. वर्षाचं व्याज ७२,००० रुपये. २०१९-२०च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता. म्हणजे तेरा क्विंटल कापूस नुसत्या व्याजाचा. आमच्या शेतात बऱ्या वर्षी पंचवीस-तीस क्विंटल होतो.

लग्न झालं, पंगती उठल्या. मी मात्र माझ्या मतावर ठाम होतो. ते मत मला एका जुन्या सरकारी अहवालाने सोडायला लावलं.

लॉकडाऊनमध्ये गावी बसून काम करताना मी रात्री इतिहासाची जुनी स्कॅन केलेली पुस्तकं वाचायला लागलो. त्यात 'डेक्कन रायट्स'च्या चौकशी आयोगाचा अहवाल सापडला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. मग हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. बहुतेक ठिकाणी लोकांना हवी होती ती कर्जखतं. ती मिळाली की जाळायची. सरकार हादरलं आणि आयोग नेमला गेला.

त्या काळच्या साहेबी वर्तुळात शेतकऱ्याच्या कर्जाचं एक ठरलेलं उत्तर होतं : हे लोक लग्नात ऐपतीबाहेर उधळतात. आयोगाने हे तपासलं. १८७६च्या अहवालात त्याचा निष्कर्ष असा की, लग्नखर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय. रयतेच्या मिळकतीकडे पाहता हा खर्च मोठा दिसतो, पण असा प्रसंग क्वचित येतो. कर्ज फुगतं ते वरचेवर घ्याव्या लागणाऱ्या लहान लहान रकमांनी : खायला धान्य, पेरायला बी, बैल आणि सरकारी शेतसारा.

मी तो परिच्छेद दोनदा वाचला. मी फोनवर बापाला जे ऐकवलं होतं, ते इंग्रज सरकारच्या स्वतःच्या आयोगाने दीडशे वर्षांपूर्वीच बाजूला ठेवलं होतं.

वर्धा त्या उठावात नव्हता. तेव्हा आपण मुंबई इलाख्यात नव्हतोच, मध्य प्रांतात होतो. १८६२मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढलेला हा जिल्हा. पण गोष्ट त्याच कापसाची होती. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना आणि इकडच्या कापसाचे भाव चढले. हिंगणघाटचा कापूस तेव्हाच नावाजलेला होता. भाव चढले की उधारी सैल होते. युद्ध संपलं, भाव उतरले, उधारी आवळली गेली, कर्ज मात्र तेवढंच राहिलं. मध्य प्रांतात मालगुजारांना जमिनीचा मालकी हक्क दिला गेला होता. जी जमीन विकता येते, ती गहाणही ठेवता येते. मालगुजार अनेकदा स्वतःच सावकारी करत. बी-धान्य सवाईने द्यायचं आणि सुगीला सव्वापट घ्यायचं, ही रीत होती.

पुढे १९२९नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि कर्जं अशक्य झाली. तेव्हा मध्य प्रांताने १९३३मध्ये कर्ज-तडजोडीचा कायदा केला. ब्रिटिश हिंदुस्थानातला असा हा पहिला. ऋणको आणि धनको यांना मंडळासमोर बसवायचं, रकमेवर तडजोड घडवायची आणि हप्ते बांधून द्यायचे. पंजाब, बंगाल, मद्रास यांनी असे कायदे नंतर केले. कर्ज म्हणजे माणसाच्या स्वभावातला दोष नव्हे, तर बाजारभावाने बिघडलेला हिशेब, एवढं तरी त्या कायद्याने मान्य केलं होतं.

मग महात्मा फुले आठवले. शाळेत आपल्याला सत्यशोधक विवाह शिकवतात. पहिला झाला २५ डिसेंबर १८७३ रोजी, भटजीशिवाय आणि अगदी कमी खर्चात. म्हणजे साध्या लग्नाचा आग्रह धरणारे खुद्द फुलेच. पण १८८३मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ते शेतकऱ्याला उधळ्या म्हणून सोडून देत नाहीत. जन्मापासून मरणापर्यंतच्या प्रत्येक विधीत पैसा कोणाकडे जातो, हे ते आधी दाखवतात. मग सारा, कामगार आणि कोर्टकचेऱ्या यांच्याकडे वळतात. 'एवढा खर्च का करतोस' हा माझा प्रश्न. 'तुझा पैसा कोणाच्या खिशात जातो' हा फुल्यांचा.

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. १९५१-५२ साली शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के होता आणि सरकारचा ३.३ टक्के. जवळपास ७० टक्के कर्ज सावकारांचं होतं. त्यानंतर सोसायट्या वाढल्या, बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. पण त्यांची कर्जं 'उत्पादक' कामांसाठी बांधलेली राहिली. पीक, पंप, म्हैस हे उत्पादक. लग्न, दवाखाना, मर्तिक हे अनुत्पादक. घरात मात्र पैशाची तिजोरी एकच असते. कापसाच्या चुकाऱ्यातूनच बियाणं येतं आणि मंगळसूत्रही. म्हणून पीककर्जाच्या रकमेतून लग्नं होतात आणि कागदावर सगळे जण म्हशी लिहितात.

हा रकाना माणूस गेल्यावरही सुटत नाही. वर्धा हा २००६च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. त्याच वर्षी २३ जानेवारीच्या शासन निर्णयाने आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाखाची मदत ठरली. पण कर्ज बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. हातउसने, नातेवाइकांचे, बिनपरवान्याचे पैसे यात बसत नाहीत. बाबांचे ते दोन लाख कुठल्याच कागदावर नव्हते. उद्या काही झालं असतं, तर सरकारच्या लेखी त्यांच्यावर ते कर्ज नव्हतंच. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

ते कर्ज आम्ही २०२२मध्ये फेडलं. कापसाने नाही, माझ्या पगाराने.

लग्नांवर उधळपट्टी होत नाही, असं मला म्हणायचं नाही. डीजे, प्री-वेडिंग शूट, हुंड्याचं गोड नाव असलेलं 'हौसेने दिलेलं', हे सगळं मी पाहतो आणि त्याला माझा विरोध आहे. पण बाबांच्या वहीत ज्यांच्या घरी जेवलो, ज्यांचा आहेर घेतला, त्यांची नावं आहेत. तेही एक खातंच. बँक बुडाली तरी चालेल, ते बुडवता येत नाही. कारण बैल मेला की पहिला माणूस त्याच वहीतून धावत येतो.

आता माझ्या लग्नाचं चाललंय. गेल्या दिवाळीत घरी असताना फोनवर मेसेज आला : पाच लाखांचं कर्ज आधीच मंजूर, व्याज वर्षाला तेरा टक्के. मी सहज ॲप उघडून बाबांना दाखवलं. त्यातही तोच रकाना होता, पण निवडायला यादी दिलेली. प्रवास, घरदुरुस्ती, शिक्षण, लग्न.

बाबांनी चष्मा वर केला आणि स्क्रीन जवळ घेऊन यादी वाचली.

"याच्यात लगन लिवता येते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अन् तपासणीले कोनी येत नाई?"

"नाही बाबा. पगाराची स्लिप लागते फक्त."

त्यांनी फोन परत दिला आणि कापूस वेचायला आलेल्या बायांची मजुरी मोजायला अंगणात गेले.